नाममात्र वादी, खरा दावेदार : विल्यम लेरॅक यांची कारकीर्द आणि अमेरिकेतील रोखे-फसवणुकीचे समूहदावे (१९७६–२००८)

प्रस्तावना

महाराष्ट्रात 'एन्रॉन' हे नाव उच्चारले की रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात उभा राहिलेला आणि २००१ मध्ये बंद पडलेला दाभोळचा वीजप्रकल्प आठवतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या प्रकल्पामागची मूळ अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्या भागधारकांची बचत पाण्यात गेली. या भागधारकांच्या वतीने चाललेल्या दाव्यात पुढे ७२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वसूल झाली. रोखे-फसवणुकीच्या अमेरिकी इतिहासातील ही तोवरची सर्वांत मोठी वसुली होय. हा दावा उभारणारे प्रमुख वकील विल्यम लेरॅक हे होते. मात्र दाव्यातील वकिलांचे शुल्क न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये मंजूर केले, तेव्हा लेरॅक फौजदारी शिक्षा भोगत होते.

एकाच व्यक्तीच्या कारकिर्दीतील या दोन टोकांचा संबंध कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेरॅक यांच्याविषयीचे लेखन सामान्यतः दोन प्रकारचे आढळते. एका पक्षाच्या मते ते लहान गुंतवणूकदारांचे कैवारी होते. दुसऱ्या पक्षाच्या मते ते उद्योगांकडून खंडणी वसूल करणारे वकील होते. दोन्ही मतांत व्यक्तीच्या स्वभावावर भर आहे. परंतु ज्या कायदेशीर रचनेत ही कारकीर्द घडली ती पाहिली असता असे दिसते की लेरॅक यांचे यश आणि त्यांचे पतन या दोहोंचे मूळ एकच होते : समूहदाव्यात वकिलाला जाब विचारणारा अशील जवळपास नसतो. या विधानाची तपासणी पुढे कालक्रमाने केली आहे.

समूहदाव्याची कायदेशीर पार्श्वभूमी

१९२९ च्या शेअरबाजारातील पडझडीनंतर अमेरिकी काँग्रेसने १९३३ आणि १९३४ मध्ये रोखेविषयक दोन मूलभूत कायदे केले. १९३४ च्या कायद्याच्या कलम १०(ब) अन्वये रोख्यांच्या व्यवहारातील फसवे वर्तन निषिद्ध ठरले आणि १९४२ मध्ये रोखे व विनिमय आयोगाने त्याखाली नियम १०ब-५ जारी केला. या नियमात खाजगी व्यक्तीस दावा लावता येईल असे कोठेही म्हटलेले नव्हते. तो अधिकार १९४६ पासून न्यायालयांनी अर्थनिर्णयाद्वारे निर्माण केला. कायद्याची अंमलबजावणी सरकारी यंत्रणेबरोबरच पीडित व्यक्तींनीही करावी, ही कल्पना त्यातून रुजली.

अधिकार मिळाला तरी तो बजावण्याचा खर्च लहान गुंतवणूकदाराला परवडणारा नव्हता. या अडचणीचे उत्तर १९६६ मध्ये संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियम २३ मध्ये झालेल्या सुधारणेने दिले. समान नुकसान सोसलेल्या सर्वांच्या वतीने एका व्यक्तीने दावा लावावा, आणि जो सभासद स्पष्टपणे बाहेर पडणार नाही तो समूहात आहे असे मानावे, अशी ती तरतूद होती. यालाच अमेरिकेत 'क्लास अॅक्शन' म्हणतात; येथे त्यासाठी 'समूहदावा' हा शब्द योजला आहे.

या दाव्याचे अर्थकारण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या आयझेन खटल्यावरून स्पष्ट होते. त्यातील वादीचे स्वतःचे नुकसान अवघे ७० डॉलर होते, आणि त्याच्या समूहात सुमारे ६० लाख गुंतवणूकदार येत होते. ज्यांचा पत्ता उपलब्ध आहे अशा सुमारे साडेबावीस लाख सभासदांना वादीने स्वखर्चाने नोटीस पाठवावी, असा निर्णय न्यायालयाने दिला. ७० डॉलरसाठी लाखो डॉलर खर्च करणारा वादी मिळणे शक्य नव्हते. तो खर्च आणि दावा हरण्याचा धोका पत्करणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे वकील. दावा यशस्वी झाल्यास वसुलीतील ठराविक हिस्सा, साधारणतः पाव ते तीस टक्के, त्याला मिळे. दावा हरल्यास काहीच मिळत नसे. परिणामी कागदोपत्री दावा वादीचा राहिला, पण भांडवल, निर्णय आणि धोका हे सर्व वकिलाचे झाले.

१९८८ मध्ये बेसिक विरुद्ध लेव्हिन्सन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अडसर दूर केला. कंपनीचे खोटे निवेदन आपण वाचले होते आणि त्यावर विसंबून भाग खरेदी केले, हे प्रत्येक गुंतवणूकदाराने वेगळे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. सार्वजनिक माहिती बाजारभावात प्रतिबिंबित होते, म्हणून भावावर विसंबणारा निवेदनावरही विसंबला असे गृहीत धरता येईल, असे न्यायालयाने मान्य केले. यानंतर समूह एकत्र बांधणे पुष्कळ सुकर झाले.

पिट्सबर्ग ते सॅन दिएगो

लेरॅक यांचा जन्म १९४६ मध्ये पिट्सबर्ग येथे झाला. पिट्सबर्ग विद्यापीठातून १९७० मध्ये कायद्याची पदवी घेतल्यावर ते त्याच शहरातील एका प्रतिष्ठित वकिली संस्थेत रुजू झाले. ही संस्था प्रामुख्याने कंपन्यांची बाजू मांडीत असे. एका रोखे-प्रकरणाच्या निमित्ताने त्यांचे सॅन दिएगो येथे जाणेयेणे झाले आणि न्यूयॉर्कचे वकील मेल्विन वाइस यांच्याशी परिचय झाला. वाइस यांनी लॉरेन्स मिलबर्ग यांच्यासमवेत १९६५ मध्ये स्थापन केलेली संस्था गुंतवणूकदारांच्या वतीने दावे लढवीत होती. १९७६ मध्ये लेरॅक या संस्थेत दाखल झाले आणि त्यांनी सॅन दिएगो येथे तिचे पश्चिम किनाऱ्यावरील कार्यालय सुरू केले.

त्यांना नावलौकिक मिळवून देणारे पहिले मोठे प्रकरण 'पॅसिफिक होम्स' हे होते. मेथडिस्ट चर्चशी संलग्न असलेली ही वृद्धाश्रमांची संस्था दिवाळखोरीत गेली होती. आयुष्यभराच्या निवाऱ्यासाठी आगाऊ पैसे भरलेल्या वृद्धांच्या वतीने लेरॅक यांनी दावा चालविला आणि १९८० मध्ये सुमारे २.१ कोटी डॉलरची तडजोड झाली. सामान्य, वयस्क आणि फसवले गेलेले लोक विरुद्ध प्रतिष्ठित संस्था, ही मांडणी पुढे त्यांच्या अनेक खटल्यांत दिसते.

सर्वच खटले त्यांनी जिंकले असे नव्हे. १९८८ मध्ये न्यूकॉर्प एनर्जी प्रकरणात ज्युरीने त्यांच्या विरोधात कौल दिला. १९९१ मध्ये अॅपल कंपनीच्या दोन माजी अधिकाऱ्यांविरुद्ध सुमारे १० कोटी डॉलरचा कौल त्यांना मिळाला, पण न्यायाधीशांनी तो लगेचच रद्द केला. वस्तुतः या प्रकारचे बहुतेक दावे ज्युरीपर्यंत पोहोचतच नसत. ते प्राथमिक टप्प्यावर फेटाळले जात, किंवा खटल्याचा खर्च आणि धोका टाळण्यासाठी कंपन्या तडजोड करीत. टीकाकारांचा मुख्य आक्षेप येथेच होता. दावा सत्य आहे की नाही यापेक्षा तो लढवण्याचा खर्च किती, यावर तडजोडीची रक्कम ठरते, असे ते म्हणत.

लिंकन सेव्हिंग्ज प्रकरण

या आक्षेपाला लेरॅक यांच्या बाजूने दिले जाणारे सर्वांत सबळ उत्तर म्हणजे लिंकन सेव्हिंग्ज अँड लोन हे प्रकरण होय. चार्ल्स कीटिंग यांच्या ताब्यातील या कॅलिफोर्नियातील बचतसंस्थेच्या शाखांमध्ये तिच्या पालक कंपनीचे असुरक्षित कर्जरोखे विकले गेले. विम्याचे संरक्षण असलेली बँकठेव आणि हे रोखे यांतील फरक अनेक ग्राहकांच्या लक्षात आला नाही. खरेदीदारांची संख्या २० हजारांहून अधिक होती आणि त्यांत सेवानिवृत्तांचा भरणा मोठा होता. एप्रिल १९८९ मध्ये पालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हे रोखे कवडीमोल झाले.

सरकारी नियंत्रकांना या संस्थेचे व्यवहार संशयास्पद असल्याचे पूर्वीच जाणवले होते. परंतु कीटिंग यांच्याकडून निवडणूक-निधी स्वीकारलेल्या पाच सिनेटरांनी नियंत्रकांशी बोलणी केल्याचे प्रकरण पुढे गाजले. सार्वजनिक यंत्रणा हतबल ठरली असताना खाजगी दाव्याने मात्र कीटिंग यांच्यासह हिशेब तपासणाऱ्या आणि कायदेशीर सल्ला देणाऱ्या नामांकित संस्थांनाही प्रतिवादी केले. लेरॅक हे वादींच्या प्रमुख वकिलांपैकी एक होते. जुलै १९९२ मध्ये अॅरिझोनातील टुसॉन येथे ज्युरीने ३३० कोटी डॉलरचा कौल दिला. त्यातील फार थोडी रक्कम प्रत्यक्ष वसूल होण्याजोगी होती. परंतु व्यावसायिक संस्थांशी झालेल्या तडजोडींतून सुमारे २४ कोटी डॉलर मिळाले आणि रोखेधारकांना आपल्या मुद्दलाचा बराचसा भाग परत मिळू शकला.

याच प्रकरणात लेरॅक यांच्या कार्यपद्धतीची दुसरी बाजूही उघड झाली. न्यूकॉर्प खटल्यात ज्यांची तज्ज्ञ-साक्ष त्यांच्या विरोधात गेली होती, ते शिकागोचे कायदेपंडित डॅनिएल फिशेल आणि त्यांची लेक्सेकॉन ही सल्लागार संस्था यांना लिंकन दाव्यात प्रतिवादी करण्यात आले. ते पुढे दाव्यातून मुक्त झाले आणि त्यांनी मिलबर्ग वाइस संस्थेवर प्रतिदावा लावला. तज्ज्ञ साक्षीदाराला धडा शिकविण्यासाठी न्यायप्रक्रियेचा गैरवापर केला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. १९९९ मध्ये ज्युरीने ४.५ कोटी डॉलरचा कौल दिल्यानंतर संस्थेने ५ कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटविले. कोणाला प्रतिवादी करावयाचे, हा निर्णय रोखेधारकांपैकी कोणीही घेतलेला नव्हता.

१९९५ चा कायदा : हेतू आणि परिणाम

१९९० च्या दशकात सिलिकॉन व्हॅलीतील कंपन्यांचा रोष शिगेला पोहोचला. भागाचा भाव एकाएकी उतरला की काही दिवसांतच समूहदावा दाखल होई. अशा दाव्याला सामोरे जाण्यासाठी तेथील उद्योजकांनी लेरॅक यांच्या आडनावावरून क्रियापदच तयार केले होते. प्रथम दावा दाखल करणाऱ्या वकिलाकडे सामान्यतः त्याचे नेतृत्व जात असल्याने घाई अपरिहार्य होती, आणि त्या घाईसाठी नाव देण्यास तयार असलेला वादी सदैव हाताशी असणे आवश्यक होते. किरकोळ संख्येने भाग बाळगणाऱ्या त्याच त्या व्यक्ती अनेक दाव्यांत वादी म्हणून दिसू लागल्या. जगातील सर्वोत्तम वकिली आपली आहे, कारण आपल्याला अशीलच नाहीत, अशा आशयाचे लेरॅक यांचे उद्गार १९९३ मध्ये 'फोर्ब्स' नियतकालिकाने प्रसिद्ध केले. ते विनोदाने काढलेले असोत वा नसोत, वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून ते यथार्थ होते.

१९९५ मध्ये रिपब्लिकन बहुमत असलेल्या काँग्रेसने खाजगी रोखे-दाव्यांच्या सुधारणेचा कायदा संमत केला. अध्यक्ष क्लिंटन यांनी १९ डिसेंबर रोजी त्यावर नकाराधिकार वापरला. परंतु प्रतिनिधिगृहाने ३१९ विरुद्ध १०० आणि सिनेटने ६८ विरुद्ध ३० मतांनी तो निष्प्रभ केला. क्लिंटन यांचा नकाराधिकार डावलला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढील वर्षी कॅलिफोर्नियातील राज्य न्यायालयांचा मार्ग मोकळा ठेवण्यासाठी लेरॅक यांनी २११ क्रमांकाच्या जनमत-प्रस्तावाचा पुरस्कार केला. पण सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी तो फेटाळला.

नव्या कायद्याने फसवणुकीच्या हेतूचा सबळ तपशील वादपत्रातच देणे आवश्यक केले. दावा फेटाळण्याच्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत प्रतिपक्षाची कागदपत्रे मागविण्यास मनाई केली आणि भविष्याविषयीच्या सावध अंदाजांना संरक्षण दिले. वादीस इतर सभासदांपेक्षा अधिक मोबदला देण्यास सामान्यतः प्रतिबंध केला. तथापि या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद वेगळी आहे. ज्याचे आर्थिक हितसंबंध सर्वाधिक आहेत असा सभासद प्रमुख वादी मानला जावा आणि वकिलाची निवड त्याने करावी, असे या कायद्याने ठरविले. एलियट वाइस आणि जॉन बेकरमन या प्राध्यापकांनी त्याच वर्षी 'येल लॉ जर्नल'मध्ये मांडलेल्या सूचनेचा तिच्यावर प्रभाव होता. मोठी गुंतवणूक असलेल्या निवृत्तिवेतन निधीसारख्या संस्थांनी वकिलांवर देखरेख करावी, अशी त्यामागची कल्पना होती.

लेरॅक यांना आवर घालण्यासाठी हा कायदा झाला असे त्याकाळी उघडपणे बोलले जाई. प्रत्यक्षात तपासासाठी आगाऊ खर्च करण्याची ताकद ज्यांच्यापाशी होती अशा मोठ्या संस्थांनाच नवे कठोर निकष पेलता आले, आणि मिलबर्ग वाइसचा दाव्यांतील वाटा कमी न होता वाढला.

एन्रॉन : अशील असलेला दावा

एन्रॉनच्या दिवाळखोरीनंतर फेब्रुवारी २००२ मध्ये ह्यूस्टन येथील न्यायाधीश मेलिंडा हार्मन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाची प्रमुख वादी म्हणून नेमणूक केली. एन्रॉनमधील गुंतवणुकीत या विद्यापीठाचे सुमारे १४.५ कोटी डॉलरचे नुकसान झाले होते. त्यांचे वकील म्हणून लेरॅक यांनी काम पाहिले. कंपनीच दिवाळखोर असल्याने तिच्याकडून वसुलीची आशा नव्हती. म्हणून ज्या बँकांनी तिचे कर्ज लपविणारे व्यवहार रचून दिले, त्यांच्याकडे दाव्याचा रोख वळविण्यात आला. २००५ मध्ये सिटीग्रुपने २००, जेपी मॉर्गन चेसने २२० आणि कॅनेडियन इंपीरियल बँकेने २४० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी स्वतंत्र संचालकांनी स्वतःच्या खिशातून १.३ कोटी डॉलर भरले, ही अमेरिकेतही अपवादात्मक घटना होती.

या तडजोडी किती वेळेवर झाल्या, हे नंतरच्या घटनांवरून कळते. मार्च २००७ मध्ये अपील न्यायालयाने उर्वरित बँकांविरुद्धचा समूह अमान्य केला, आणि जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टोनरिज खटल्यात अशा दुय्यम सहभागींविरुद्धचा मार्ग बराचसा बंद केला.

या दाव्यातील शुल्काचा आकडा विशेष बोलका आहे. ६८.८ कोटी डॉलर ही रक्कम प्रचंड असली तरी ती वसुलीच्या ९.५२ टक्के होती. विद्यापीठाने वकिलाशी आरंभीच घासाघीस करून दर ठरविला होता. पूर्वीच्या दाव्यांतील पाव ते तीस टक्क्यांशी तुलना करता, वसुलीच्या आकाराचा परिणाम जमेस धरूनही, खरा अशील असण्याने पडणारा फरक दिसून येतो. अर्थात ही व्यवस्थाही निर्दोष नव्हती. सार्वजनिक निधींवर नियंत्रण असलेल्या राजकारण्यांना वकील निवडणूक-निधी देतात, अशी टीका तिच्यावर होऊ लागली.

आरोपपत्र आणि शिक्षा

लॉस एंजेलिसमधील एका नेत्रतज्ज्ञाने विम्याच्या रकमेसाठी मोने आणि पिकासो यांच्या चित्रांच्या चोरीचा बनाव केला होता. १९९९ मध्ये दोषी ठरल्यावर शिक्षेत सवलत मिळावी म्हणून त्याने सरकारी वकिलांना वेगळीच माहिती दिली : मिलबर्ग वाइसच्या दाव्यांत वादी म्हणून नाव देण्याबद्दल त्याला गुप्त मोबदला मिळत असे. त्यातून अनेक वर्षे तपास चालला. दरम्यान २००४ मध्ये संस्था दुभंगून लेरॅक यांनी स्वतःची वेगळी संस्था काढली होती. मे २००६ मध्ये मिलबर्ग वाइस संस्थेवर व तिच्या दोन भागीदारांवर आरोपपत्र दाखल झाले. दीडशेहून अधिक दाव्यांत वादींना १.१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गुप्तपणे दिली गेली आणि त्या दाव्यांतून संस्थेने २० कोटी डॉलरहून अधिक शुल्क मिळविले, असा आरोप होता.

लेरॅक यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायप्रक्रियेत अडथळा आणण्याच्या कटाचा गुन्हा कबूल केला. ११ फेब्रुवारी २००८ रोजी न्यायाधीश जॉन वॉल्टर यांनी त्यांना दोन वर्षे कारावास आणि अडीच लाख डॉलर दंड ठोठावला, याखेरीज ७७.५ लाख डॉलर त्यांनी सरकारजमा केले. मेल्विन वाइस यांना ३० महिन्यांची शिक्षा झाली आणि मूळ संस्थेने ७.५ कोटी डॉलर भरून आपल्यावरील खटला मिटविला. २००९ मध्ये लेरॅक यांची सनद रद्द झाली.

मोबदला वकिलांच्या शुल्कातून दिला गेला, मग गुंतवणूकदारांचे नुकसान काय झाले, असा युक्तिवाद लेरॅक यांच्या समर्थकांनी केला. तो वरवर पटणारा असला तरी अपुरा आहे. प्रातिनिधिक वादी हा अनुपस्थित सभासदांचा विश्वस्त असतो. तडजोडीची रक्कम पुरेशी आहे काय आणि वकिलाचे शुल्क अवाजवी नाही ना, हे समूहाच्या वतीने पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याचा लाभ शुल्काशी जोडला की ही देखरेख संपते. शिवाय असा कोणताही मोबदला मिळत नसल्याची खोटी शपथपत्रे न्यायालयात दिली जात होती. ज्या वकिलाने इतरांच्या खोट्या निवेदनांवर आपली कारकीर्द उभारली, त्याच्या दाव्यांचा आरंभच खोट्या निवेदनाने होत होता.

समारोप

लेरॅक यांच्या कारकिर्दीवरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की वकिलाला आर्थिक प्रेरणा असल्याविना लहान गुंतवणूकदारांची दाद न्यायालयापर्यंत पोहोचत नाही; लिंकन सेव्हिंग्जच्या वृद्ध रोखेधारकांना जे परत मिळाले ते याच प्रेरणेमुळे. दुसरा असा की त्या प्रेरणेवर देखरेख करणारा अशील नसेल तर प्रतिनिधित्व ही केवळ औपचारिकता उरते आणि ती पैशाने विकत घेता येते. एन्रॉन प्रकरणात प्रेरणा आणि देखरेख दोन्ही होत्या. आधीच्या अनेक दाव्यांत पहिलीच होती.

भारतीय संदर्भात हा प्रश्न दूरचा नाही. जानेवारी २००९ मध्ये उघडकीस आलेल्या सत्यम गैरव्यवहारात न्यूयॉर्कच्या बाजारातील गुंतवणूकदारांना समूहदाव्यातून कंपनीकडून १२.५ कोटी आणि लेखापरीक्षकांकडून २.५५ कोटी डॉलरची तडजोड मिळाली. त्याच कंपनीचे भाग मुंबईच्या बाजारात घेतलेल्यांना असा मार्गच उपलब्ध नव्हता. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम २४५ ने समूहदाव्याची तरतूद केली आणि ती जून २०१६ मध्ये अमलात आली. खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी गुंतवणूकदार संरक्षण निधीचीही सोय आहे. तरीही तिचा वापर विरळ राहिला आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार भारतीय वकिलाला निकालावर अवलंबून शुल्क ठरविता येत नाही, आणि आयझेन खटल्याने उभा केलेला प्रश्न, म्हणजे ७० डॉलरसाठी खर्च कोणी करावयाचा, येथे अनुत्तरितच आहे.

अमेरिकेने आधी प्रेरणा दिली आणि देखरेखीचा विचार तीन दशकांनी केला. त्या विलंबाची किंमत लेरॅक प्रकरणात दिसते. भारताने प्रेरणेचा धोका ओळखून ती नाकारली, पण तिच्या जागी दुसरी समर्थ व्यवस्था उभारली नाही. समूहदाव्याचा अधिकार केवळ कायद्याच्या पुस्तकात राहू द्यावयाचा नसेल तर वकिलाला मोबदला कोणी द्यावा आणि त्याच्याकडून हिशेब कोणी घ्यावा, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्रितपणेच शोधावी लागतील.